कुठे गेले ते पाटीवर आहे

बीडला मी ज्या बाईंच्या घरी खोली करून राहिले, त्यांच्या दारावर एक पाटी टांगलेली असायची. लेकरांची असते तसली काळी, लाकडी चौकटीची, सुतळीनं खडू बांधलेली. पहिल्यांदा खोली बघायला गेलो तेव्हा दाराला कुलूप होतं आणि पाटीवर लिहिलं होतं, 'गिरणीत गेले आहे. दळण झालं की येते. घाई असेल त्यांनी दुसरी खोली बघावी.' माझ्यासोबत अण्णा होते, म्हणजे माझे वडील. त्यांना वाचता येत नव्हतं.

"काय लिव्हलंय गं?"

मी वाचून दाखवलं.

"येडी दिसती बाई," अण्णा म्हणाले आणि ओट्यावर टेकले.

एकटे अण्णाच कशाला, सगळी गल्ली त्यांना येडीच म्हणायची. आणि त्याच गल्लीतल्या प्रत्येक घरातलं एक तरी माणूस त्यांच्या अंगणवाडीत शिकून गेलेलं होतं. बाईंनी सारी नोकरी अंगणवाडीत काढली. रिटायर झाल्या पण ती सवय काही सुटली नाही. समोर कुणीही येऊ द्या, त्यांना ते चार वर्षांचंच दिसायचं. नगरसेवक मत मागायला आला तर त्याला म्हणाल्या, "आधी नाक पुस." गॅस सिलेंडरवाल्याला म्हणाल्या, "हात धुतलेस का? मंग बस, खाऊ देते." आणि लोक खरंच हात धुवायचे हो! मिशीवाले बाप्ये ओट्यावर मांडी घालून शेंगदाण्याचा लाडू खात बसलेले मी माझ्या डोळ्यांनी बघितलेत.

त्या दिवशी गिरणीतून आल्या त्या डोक्यावर पिठाचा डबा, भुवयांवर पीठ. अण्णांना आधी पाणी दिलं, मग मला. मग माझ्या हातातल्या फोनकडं बोट केलं.

"ह्याच्यात ते बसवलंय का? पोरगी कुठं चालली ते बापाला दिसतंय, ते?"

"बसवलंय की!" अण्णांची छाती लगेच फुगली. "आता कायबी चिंता न्हाई. आमच्या मुकादमाच्या पोरानं बसवून दिलं."

हे जरा सांगायला पाहिजे. आमचं गाव दिंद्रुडकडचं. दिवाळी झाली की अण्णा आणि माय ऊसतोडीला जायचे, पार सांगली-कोल्हापूरकडं. पाडवा झाला की माघारी. टोळी नेणारा तो मुकादम. आमच्याकडं पोरगी दहावीला गेली की आईबापाला घोर लागतो. मागं एकटी ठेवावी तर भीती, उसाच्या फडावर न्यावी तर भीती. मग एकच रस्ता उरतो, तिचं लगीन लावून टाकायचं. माझ्या चुलतबहिणीचं तसंच उरकलं. ती माझ्यापेक्षा हुशार होती, लई हुशार होती. मला बारावीला चांगले मार्क पडले, नर्सिंगला नंबर लागला, तरी अण्णा हो म्हणत नव्हते. तेव्हा मुकादमाच्या पोरानं हे ॲप दाखवलं. नकाशावर एक निळा ठिपका. "काका, आता कावून भिता? पोरगी तुमच्या खिशात हाय," तो म्हणाला. त्या ठिपक्यापायी मला बीडला पाठवलं गेलं. म्हणून त्या ॲपला मी कधी शिव्या दिल्या नाहीत. माझं शिक्षण त्या ठिपक्यावर उभं होतं, आणि तो ठिपका जिथं नको तिथं दिसला असता तर माझीपण चुलतबहीण झाली असती, हे मला पक्कं ठाऊक होतं.

तर बाईंनी विचारलं, "मंग तुमचा ठिपका बी पोरीला दिसतो ना?"

"माझा?" अण्णा दचकले. "माझा कावून?"

"तुमी कुठं हायत ते तिला नगं का कळायला?"

"आवं बाई, बाप कुठं हिंडतो हे पोरीनं बघायचं आसतंय व्हय?"

"मंग न्हाई मिळत खोली," बाई म्हणाल्या आणि पिठाचा डबा उचलून आत निघाल्या. "बघायचं आसंल तर दिसायबी पायजे. माझ्या घरात नियम हाय."

अण्णा माझ्याकडं बघायला लागले. त्याआधी आम्ही बघितलेल्या खोल्यांच्या वरच्या मजल्यावर पोरं राहत होती. शेवटी त्यांनी बंडीच्या खिशातून फोन काढला आणि माझ्या हातात दिला. "बघ बाय, काय करायचं ते कर," म्हणाले. मी त्यांच्याच फोनमधून त्यांचा ठिपका मला दिसेल असं करून घेतलं. बाई दारात उभं राहून बघत होत्या. झालं म्हटल्यावर त्यांनी अण्णांना लाडू दिला.

हा नियम सगळ्या बापांना होता आणि सगळे बाप त्याच्यावर असेच उखडायचे. माझ्या शेजारच्या खोलीत चकलांब्याची एक पोरगी होती. तिचे वडील पुढारी, पांढरे कडक कपडे, गाडीवर पक्षाचा झेंडा. त्यांनी घरी सांगावं, बीडला मीटिंग हाय, आणि ठिपका दिसावा हायवेच्या धाब्यावर. पोरगी आईला फोन करून विचारायची, "पप्पांची मीटिंग चिकनची हाय का मटणची?" एक दिवस पुढारी तणतणत बाईंकडं आले.

"बाई, तुमच्या ह्या नियमानं माझ्या घरात भांडणं लागलीत!"

"खोटं बोलल्यावर भांडणं लागतेत. नियमानं कशी लागतील?" बाई म्हणाल्या. "आणि आवाज खाली. पोरी अभ्यास करायल्यात."

पुढारी लाडू न खाता गेले. पण पोरीला नेलं नाही, आणि पुढं धाब्यावर गेले तर घरी सांगून जायला लागले म्हणे.

मला मात्र त्या नियमानं काय दिलं ते सांगते. मला माझे आईबाप दिसायला लागले. ते फडावर जायचे म्हणजे आधी कसं, दिवाळीनंतर ट्रॅक्टर गेला की गेला. कुठं गेले, कोणत्या नदीकाठी कोपी, म्हणजे पाचटाची झोपडी, घातली, काही पत्ता नाही. आठवड्यातून एखादा फोन. आता नकाशावर एका मोकळ्या पांढऱ्या जागेत अण्णांचा ठिपका असायचा. तिथं ना गावाचं नाव, ना रस्त्याचं. चार-आठ दिवसांनी तो थोडा सरकायचा, म्हणजे एक फड संपला, दुसरा लागला. वॉर्डातून दमून आले की मी तो बघायचे. थंडी पडली की वाटायचं, तिकडं नदीकाठी कोपीत किती गारठा असेल. आधी मी लेकरू होते, त्यांनीच माझी काळजी करायची. त्या ठिपक्यानं मला त्यांची काळजी करायला लावलं. बाईंच्या डोक्यात हेच असणार, पण त्यांनी तसं कधी बोलून दाखवलं नाही.

स्वतः बाईंकडं असला फोन नव्हता. बटणांचा होता, तो पिशवीत घालून खिळ्याला टांगलेला. वाजला तरी हातातलं काम टाकून धावायच्या नाहीत. "त्याला माझ्याशी काम हाय, मला त्याच्याशी न्हाई," म्हणायच्या. त्यांचा ठिपका म्हणजे ती पाटी. घराबाहेर पाऊल टाकायचं तर आधी पाटीवर लिहायचं, कुठं चालले आणि कधी येणार. दोन्ही लिहायचं. नुसतं 'बाजारात' लिहिलेलं त्यांना चालायचं नाही. "त्याला काय अर्थ हाय? माणूस बाजारात गेला आणि आलाच न्हाई तर?"

त्या पाटीवर मी काय काय वाचलंय! 'मंडईत. वांगी बरी असली तर लवकर येते.' 'भाभीशी भांडायला गेले आहे. उशीर होईल.' ही भाभी म्हणजे शेजारीण, दोघींचं दर पंधरा दिवसांनी पाण्याच्या नळीवरून वाजायचं. त्या दिवशी बाई भांडून परत आल्या तर पाटीवर खाली भाभीनं खडूनं लिहिलेलं, 'भांडण संपलं नाही. उद्या सकाळी या.' पुढं पुढं गल्लीच त्या पाटीवर लिहायला लागली. मीटरवाला लिहून जायचा, 'येऊन गेलो.' पोस्टमन लिहायचा. कुणी म्हणालं, बाई, चोर वाचतील की. "वाचू दे ना," बाई म्हणाल्या. "आजकाल वाचतंय कोण?"

आम्हा पोरींना त्यांनी कधी विचारलं नाही, कुठं गेलतीस. विचारायच्या, जेवलीस का. पण आम्हीच हळूहळू पाटीवर लिहायला लागलो. 'लायब्ररीत, सहाला येते.' 'मैत्रिणीच्या वाढदिवसाला, जेवून येते.' कुणी सांगितलं नव्हतं, सक्ती नव्हती. लिहिलं नाही तर आपल्यालाच चुकल्यासारखं वाटायचं. आणि एखादीला उशीर झालाच तर बाई गल्लीच्या कोपऱ्यावर जाऊन उभ्या राहायच्या. आपण आलो की म्हणायच्या, "तुझी वाट न्हाई बघत हां, हवा खायला आलते." घरी येऊन बघावं तर पाटीवर, 'कोपऱ्यावर उभी आहे. उगीच.'

हे सगळं कुठून आलं, ते एकदा दुपारी तूर निवडताना कळलं. चकलांब्याच्या पोरीनं सहज विचारलं, "बाई, तुमी बापांच्या मागं एवढं कावून लागता?" बाईंनी सूप थांबवलं नाही.

"माझे मालक लई बारीक माणूस. अंगणवाडीतून निघाले कधी, पोचले कधी, वाटंत कोण भेटलं, रोज सगळं सांगायचं. पाच मिनिटं इकडची तिकडं झाली की तोंड बंद, जेवण बंद. मी आपलं खरं खरं सांगायचे. सारा जन्म सांगितलं. ते वारले तव्हा दहाव्याला आंबाजोगाईहून एक बाई आली, सोबत मोठालं पोरगं. पोरगं हुबेहूब ह्यांच्यासारखं." त्यांनी एक खडा उचलून फेकला. "मी कुठं हाय हे त्यांना सदा माहीत व्हतं. ते कुठं हायत हे मला कधी कळलंच न्हाई."

 मग बाई म्हणाल्या, "ते पोरगं चांगलं हाय पण. दिवाळीला येतंय." आणि पुन्हा तूर निवडायला लागल्या.

आता त्या ठिपक्यानं केलेला घोटाळा सांगते.

माझं दुसरं वर्ष चालू होतं. संक्रांत होऊन गेलेली. माझ्या फोनची चार्जिंगची जागा सैल झाली, वायर बसेचना. माझी वॉर्डात ड्युटी, मला वेळ नाही. बाई म्हणाल्या, "आण इकडं, मी जाते." स्टँडसमोर एक लॉज आहे, त्याच्या खालच्या गाळ्यात मोबाईल दुरुस्तीचं दुकान. दुकानदार म्हणाला, पार्ट मागवावा लागेल, परवा या. बाई फोन तिथंच ठेवून आल्या आणि पाटीवर लिहिलं, 'पोरीचा फोन स्टँडवर दुरुस्तीला टाकला आहे. परवा मिळेल. तिचं काम असणाऱ्यांनी माझ्या फोनवर करावा.' मी संध्याकाळी बाईंच्या फोनवरून अण्णांना लावून बघितला. रेंजच्या बाहेर. फडावर हे नेहमीचंच, उद्या लावू म्हटलं. दुसऱ्या दिवशीपण तेच.

माझा फोन बॅटरी संपून बंद पडला होता. पण बंद पडला तरी ठिपका पुसला जात नाही, शेवटचा जिथं असेल तिथं बसून राहतो. माझा बसला होता लॉजवर.

पुढचं मला मायनं नंतर सांगितलं. त्याच दुसऱ्या दिवशी टोळी ऊस तोडत होती. मुकादमाचा पोरगा बांधावर फोन बघत बसलेला. तो तिथूनच ओरडला, "काका, तुमची पोरगी कालपासून लॉजवर हाय बरं का!" सगळ्या टोळीसमोर. मायच्या हातातली मोळी सुटली. अण्णांनी मला फोन लावला, तो बंद. मग त्यांनी कोयता खाली टाकला, फोन मायच्या हातात दिला, "तुझ्यापाशी आसू दे" म्हणाले आणि मुकादमाला न विचारता तसेच निघाले. आधी तेलगावला जाऊन माझ्या चुलत्याला घेतलं. चुलत्यापाशी माझ्यासाठी एक स्थळ तयारच होतं, ते बारावीपासूनच तयार होतं.

तिसऱ्या दिवशी भर दुपारी दोघं बाईंच्या दारात. अण्णा बरोबर त्या पाटीखाली उभे राहून दार बडवत होते. डोक्यावर सगळं लिहिलेलं होतं हो! फोन कुठं आहे, कधी मिळणार, सगळं. पण अण्णांना वाचता येत नव्हतं आणि चुलता रागाच्या भरात वर बघेना. बाईंनी दार उघडलं, पाणी दिलं, फोन दुरुस्तीला आहे म्हणून सांगितलं, पाटी वाचून दाखवली. अण्णा म्हणाले, "पाटी तुमची, लिव्हणार तुमी. पोरीला झाकताय."

त्यावर बाईंनी वाद घातला नाही. "पोरगी येऊ द्या," एवढंच म्हणाल्या.

मी ड्युटीवरून आले ती वाटेत दुकानातून फोन घेऊनच आले. गल्लीत वळले आणि ओट्यावर अण्णा दिसले. अंगावर फडातलेच कपडे, पाचटानं कापलेले हात. मला आधी आनंदच झाला. "अण्णा! तुमी हिकडं कसे?"

अण्णांनी माझ्याकडं बघितलं नाही. "पेटी भर," म्हणाले.

"सोयरीक बघून ठिवलीया," चुलता म्हणाला. "ह्याच पंधरवड्यात उरकून टाकू."

मी अण्णांकडं वळले. "पण झालं काय?"

"लॉजवर काय करत व्हतीस?" अण्णांचा आवाज फुटला. मला लहानपणापासून त्यांनी कधी हात लावला नाही, कधी शिवी दिली नाही, आणि तो माणूस मला हे विचारत होता. मी रडायलाच लागले. रडता रडता सांगायला गेले तर बाईंनी हात वर केला.

"तू गप. फोन नीट झाला का? मंग त्याच्यात बघ, तुझा बाप कुठं हाय."

मला त्या वेळी बाईंचा असा संताप आला! माझं घरदार बुडायला निघालंय आणि ह्या बाईला खेळ सुचतोय. पण बाईंनी सांगितलं की करावंच लागायचं. मी डोळे पुसत नकाशा उघडला.

"कुठं हाय?"

"फडावर," मी म्हणाले. "नदीकाठी. कोपीपाशी."

"द्या त्यांना, बघू द्या." चुलत्यानं फोन हातात घेतला, बघितलं आणि अण्णांकडं बघायला लागला.

"काय पाव्हणं," बाई अण्णांना म्हणाल्या, "तुमी तर सांगलीकडं हायत. मंग माझ्या ओट्यावर हे कोण बसलंय?"

"आवं, फोन मी तिच्या मायपाशी ठिवलाय."

"आस्सं. म्हंजे फोन एकीकडं आणि माणूस दुसरीकडं, आसं व्हऊ शकतंय."

 बाई त्यांच्यासमोर खाली बसल्या. अंगणवाडीत रुसलेल्या लेकरासमोर बसायच्या तशाच बसल्या असणार.

"आता मला सांगा, पोरगी लॉजवर हाय हे तुमी तुमच्या फोनात बघितलं का?"

"न्हाई. मुकादमाच्या पोरानं सांगितलं."

"त्यानं तुमचा फोन घेऊन बघितलं?"

अण्णांनी जरा आठवलं. "न्हाई. त्याच्या फोनात बघितलं."

"त्याच्या फोनात तुमची पोरगी कशी काय दिसती?"

अण्णा चुलत्याच्या हातातल्या फोनकडं बघायला लागले. मलाही तेव्हाच कळलं. बसवताना त्यानं आपला फोनपण जोडून ठेवला होता. दीड वर्ष मी वॉर्डात गेले, लायब्ररीत गेले, बाजारात गेले, ते सगळं तो बांधावर बसून बघत होता.  

"पोरी," अण्णांनी पहिल्यांदा माझ्याकडं बघितलं. "तू त्याला रोज दिसतीस?"

"मला काय ठाव अण्णा. तुमीच तर माझा फोन दिलता त्याच्याकडं."

अण्णांनी खांद्यावरचं उपरणं तोंडाला लावलं. ते रडत होते की नुसते बसले होते मला कळेना.

चुलता मात्र सावरला. "ते ऱ्हाऊ दे. सगळ्या टोळीनं ऐकलंय. लोक काय म्हणतील ह्याचा इचार कर. पोरीला चल म्हण."

"पोरगी न्हेली," बाई चुलत्याला म्हणाल्या, "तर त्या पोराचं खरं झालं. आख्खी टोळी म्हणंल, काय तरी आसंल म्हणूनच न्हेली. आणि न्हाई न्हेली तर?"

  मी दाराला टेकून उभी होते आणि माझा सगळा जन्म त्या ओट्यावर अण्णांच्या तोंडाकडं बघत थांबलेला होता. मग अण्णा उठले. मला वाटलं, आता पेटी मागणार.

"बाई," ते म्हणाले, "ती पाटी द्या."

बाईंनी पाटी काढली, पदरानं पुसली आणि माझ्या हातात खडू दिला.

"लिव्ह," अण्णा म्हणाले. "अण्णा फडावर गेला. पोरगी हितंच हाय, कोर्स हुईपत्तर हितंच ऱ्हाईल."

मी लिहिलं. चुलता उठून चपला शोधायला लागला.

"कधी येणार?" बाईंनी विचारलं. "आर्धवट नगं."

"लिव्ह, पाडव्याला येतो."

ते लिहिल्यावर बाई म्हणाल्या, "आता सही." अण्णांनी सवयीनं अंगठा पुढं केला. बाईंनी तो बाजूला सारला, पाटीच्या कोपऱ्यात एक 'अ' काढला आणि खडू अण्णांच्या हातात दिला. "ह्याच्यासारखा काढा." ऊस सपासप तोडणारा माझा बाप त्या खडूपुढं घामाघूम झाला. निघाला तो 'अ' एका अंगावर पडलेला, पण 'अ' होता. बाईंनी त्यांना दोन लाडू दिले. ती पाटी बाईंनी पाडव्यापर्यंत पुसली नाही. स्वतः कुठं गेल्या तर भिंतीवर लिहायच्या.

अण्णा आल्या वाटेनं गेले. त्यांचा फोन मायपाशी, त्यामुळं ते कुठवर पोचले कळायला मार्ग नाही. नकाशावर ते कोपीपाशीच होते. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नव्हता. बटणांचा फोन पिशवीतून काढून बाईंनी पहिल्यांदाच कमरेला खोचला होता. तो वाजला तशा धावल्या. माय होती; त्या पोराला दिसू नये म्हणून मी माझा फोन तोवर बंद केला होता.

"पोचले गं तुझे अण्णा," माय म्हणाली. "आले ते सरळ त्या पोरापुढं जाऊन हुभे ऱ्हायले. म्हणले, काढ बे ते. तुझं काढलं त्यानं त्याच्या फोनातून. मंग म्हणले, आता बाकीच्यांचं काढ. आगं, टोळीतल्या सगळ्या पोरी व्हत्या त्याच्या फोनात! समद्यांचं काढायला लावलं. मुकादम लई बोलला. बोलू दे."

मी बाईंना सांगितलं. बाईंनी फोन पुन्हा पिशवीत घातला, पिशवी खिळ्याला लावली. मग म्हणाल्या, "लाडू संपलेत. शेंगदाणे भाजते."

त्यानंतर अण्णा जेव्हा जेव्हा बीडला आले तेव्हा बाईंनी त्यांना पाटीवर एक अक्षर काढल्याशिवाय चहा दिला नाही. अण्णा वैतागायचे. "ह्या वयात काय शाळा लावलीया बाई!" म्हणायचे आणि काढायचे. माझा कोर्स झाला, नोकरी लागली. आता मी नांदेडच्या एका दवाखान्यात आहे. माझं लग्न माझ्या मर्जीनं ठरेल असं अण्णांनी चुलत्याला तोंडावर सांगितलंय. बाई अजून त्याच घरात आहेत, खोल्यांत नव्या पोरी आहेत, नवे बाप उखडतायत.

औंदा दसऱ्याच्या आधी मला अचानक दोन दिवस सुटी मिळाली. न कळवताच गावी गेले. घराला कुलूप. आसपास कुणी नाही. मी फोन काढला, ठिपका बघून शेतात जावं म्हणून. आणि दाराकडं लक्ष गेलं. फळीवर खडूनं, मोठाल्या, एका अंगावर पडलेल्या अक्षरांत लिहिलं होतं,

'शेतात हाय. दिस मावळता येतो. अ.'

 पायरीवर बसले आणि ठिपका न बघता बाईंना फोन लावला. त्यांनी उचलला तो बऱ्याच वेळानं, कुकर झाल्यावर. मी हुंदके देत देत सगळं सांगितलं.

"कुठं गेला ते लिव्हलंय," बाई म्हणाल्या. "कधी येणार ते लिव्हलंय का?"

"लिव्हलंय बाई."

"मंग रडायला काय झालं? बस की वाट बघत."

बसले.